लहान पुरांची जागा

"दादा, या चौकटीवरच्या रेघा तशाच ठेवू, का यांच्यावरनंही मारू?" रंगाऱ्याने विचारलं होतं, आणि टेबलफॅनचं पातं पुसता पुसता, मान वरही न करता, विन्ह म्हणाला होता, "मार." एवढंच. रंगाऱ्याने ब्रश दोनदा वरखाली फिरवला आणि तो पुढच्या खोलीकडे गेला. घरमालकाला गल्लीतल्या सातही खोल्या दोन दिवसांत रंगवून हव्या होत्या, भाडं वाढवायचं होतं. कुणाच्या चौकटीवर काय लिहिलंय हे बघायला रंगाऱ्याला सवड नव्हती. विन्हला मात्र होती. तो तसाच पातं पुसत बसला, आणि पातं लख्ख झालं तरी पुसतच राहिला. आदल्या दिवशी शेजारची मुलगी बर्फ मागायला आली होती. त्याच चौकटीला टेकून उभी राहिली, आणि तिचं डोकं सगळ्यात वरच्या रेघेच्या चांगलं चार बोटं वर गेलेलं विन्हला दिसलं. रेघा तोमच्या, त्याच्या मुलाच्या उंचीच्या, आणि ही पोर तोमपेक्षा दीड वर्षाने लहान. तोम असताना त्याच्या खांद्याखालून इकडून तिकडे पळायची. तिला काहीच माहीत नव्हतं. बर्फ घेऊन ती निघून गेली, आणि विन्हच्या छातीत जे काही हललं ते दुसऱ्या दिवशी रंगारी येईपर्यंत जागेवर आलं नव्हतं. न वाढणारी रेघ रोज बघायची, तीन वर्षं बघायची, आणि आता दुसऱ्यांची पोरं तिच्यावरून पुढे जाताना बघायची, हे त्याला सोसवलं नाही. खरं कारण एवढंच होतं. पण ते त्याला चार महिन्यांनी कळलं, तेव्हा नाही.

त्याची बायको थोआ बाजाराच्या तोंडाशी बसून कपडे आल्टर करायची. कुणाची पँट आखूड कर, कुणाच्या ब्लाउजची शिवण उसव. संध्याकाळी ती घरी आली, चप्पल काढली आणि चौकटीपाशी थांबली. विन्हने तिच्याकडे बघितलंच नाही, नुसता कान देऊन राहिला. मग तिने विचारलं, "तुम्ही कुठे होतात?" तो म्हणाला, "दुकानात." दुकान म्हणजे गल्लीच्या टोकाची पंखे दुरुस्तीची टपरी, आणि तो त्या दिवशी तिथे गेलाच नव्हता. खोटं इतकं सहज निघालं की त्यालाच नवल वाटलं. थोआने रंगाऱ्याला शिवी घातली. ती कधी शिवी देत नसे. मग भात टाकला.

एकमेकांना हाक मारायची सोय तर तोमबरोबरच गेली होती. तोम जन्मला तेव्हापासून ती त्याला 'तोमचे बाबा' म्हणायची आणि तो तिला 'तोमची आई'. सगळ्याच घरांत असतं तसं. तोम म्हणजे कोळंबी. पोटातून बाहेर आला तोच अंग मुडपून, म्हणून सुईणीनेच ते नाव पाडलं, आणि शाळेत घातला तरी खरं नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही. डेंग्यूच्या तापाने सहा दिवसांत तो गेला. मग 'तोमचे बाबा' म्हणणं थोआच्या जिभेवर येऊन अडकू लागलं, आणि लग्नाच्या पहिल्या वर्षातली लाडाची हाक परत आणायची तर दोघांनाही लाज वाटायची. तेव्हा तीन वर्षं 'ऐकलं का' आणि 'अगं' यांच्यावर संसार चालला होता. तोमचा फोटो पूर्वजांच्या देव्हाऱ्यात ठेवता येत नाही, तो लहान. त्याच्यासाठी खाली एक बुटकी फळी मारली होती. आईबापांनी उदबत्ती लावायची, केळं ठेवायचं, पण वाकून नमस्कार करायचा नाही. मोठ्याने धाकट्यापुढे वाकायचं नसतं. विन्ह रोज सकाळी फळीपुढे ताठ उभा राहायचा, शाळेतल्या शिक्षेसारखा, आणि उदबत्तीचा धूर त्याच्या गुडघ्यांना लागायचा.

"मला आपल्या चौकटीकडे बघवत नाही," एक दिवस थोआ सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली. "चार दिवस कुठंतरी जाऊ या." कुठं, तर होई आन या जुन्या गावाला. तिच्या एका गिऱ्हाइकाने दिलेल्या कॅलेंडरवर तिथल्या पिवळ्या भिंती होत्या आणि नदी होती. विन्हने नाही म्हटलं नाही. नाही म्हणायचा हक्क आपण गमावलाय असं त्याला त्या दिवसांत सारखं वाटायचं. नवव्या महिन्यात पावसामुळे खोल्या स्वस्त असतात, म्हणून नववा महिना. रेल्वेत बिनगादीच्या बाकांचा डबा स्वस्त, म्हणून तो डबा. एक रात्र आणि वर अर्धा दिवस ती दोघं त्या बाकावर एकमेकांच्या खांद्यांना धक्के देत बसली. थोआने केळीच्या पानातला भात आणला होता तो दोनदा पुरवला. समुद्र खिडकीच्या अगदी जवळ येऊन गेला तेव्हा ती झोपली होती, आणि विन्हने तिला उठवलं नाही. तिचा झोपलेला चेहरा बघत त्याने मनाशी ठरवलं, या चार दिवसांत सांगायचं. सांगितलं की ही आपल्याला सोडून जाईल, असं त्याला नक्की वाटत होतं. आणि न सांगता हिच्या शेजारी म्हातारं व्हायचं, तर त्याला म्हातारं होणं म्हणतात का, हेही त्याला कळत नव्हतं.

नदीच्या रस्त्यापासून दुसऱ्या गल्लीतल्या घरात साऊ आत्यांची खोली मिळाली. साऊ म्हणजे सहा. जन्माच्या क्रमाने हाक मारायची, आणि पहिल्या पोराला दुसरा म्हणायचं म्हणजे त्याला दृष्ट लागत नाही, त्यामुळे सहावी आत्या खरं तर पाचवी. सत्तरीची बाई, दातात सुपारी, आवाज पलीकडच्या घाटापर्यंत जाईल असा. "खालची खोली निम्म्यात," तिने सांगितलं, "वरची पुऱ्या पैशात. पण खालची घेतलीत तर उद्यापरवा तुम्ही वरच येणार आहात, तेव्हा काय ते बघा." विन्हला वाटलं, गिऱ्हाइकाला वरच्या खोलीकडे ओढायची ही युक्ती. शहरातल्या माणसाला दर वाक्यामागे युक्ती दिसते. त्याने खालची घेतली. आत्यांचे धाकटे भाऊ, सगळेच ज्यांना धाकटे काका म्हणत, दारात बसून तांदूळ निवडत होते. ते खुदकन हसले आणि पुन्हा सुपाकडे वळले.

ती भिंत पहिल्यांदा थोआने बघितली. मधल्या दालनात, चौकाच्या उजेडात, जमिनीपासून छतापर्यंत रेघाच रेघा. काही शाईच्या, काही रंगाच्या, काही खिळ्याने कोरलेल्या, आणि प्रत्येकीपुढे साल. ज्या ज्या वर्षी नदी घरात आली त्या त्या वर्षी ती कुठवर आली, ते. सगळ्यात वरच्या रेघेला विन्हचा हात पुरला नाही. त्याने टाचा उंचावून बघितलं, आणि अंगावर काटा आला. म्हणजे इथे, आपण उभे आहोत तिथे, आपल्या डोक्यावर एक पुरुष पाणी होतं, आणि ते गेल्यावर कुणीतरी शिडी आणून शांतपणे साल लिहिलं. त्याने थोआकडे बघितलं. चार महिने घरातल्या चौकटीकडे पाठ करून झोपणारी ही बाई एकेका रेघेवरून बोट फिरवत होती, एखादं कापड पारखावं तशी. सगळं जग सोडून ही आपल्याला नेमक्या याच भिंतीपुढे आणून उभी करते, याला काय म्हणायचं? त्या संध्याकाळी दोघांनी मिळून एक वाटी शेवया खाल्ल्या, आणि सांगायचं त्याने उद्यावर ढकललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डाचा कर्णा बोलू लागला. नदी वाढते आहे, काठच्या घरांनी सामान उचलावं. कर्ण्यातल्या बाईचा आवाज भाजीचे भाव सांगावेत इतका साधा होता. विन्ह धावत बाहेर आला तर साऊ आत्या पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडत होत्या. "या आता, निम्म्या भाड्याचे," त्या म्हणाल्या. "उरलेलं भाडं हाताने फेडा." मधल्या दालनाच्या छतात एक चौकोनी भोक होतं. विन्हने ते आदल्या दिवशी बघितलं होतं, उजेडासाठी असेल म्हणून सोडून दिलं होतं. धाकट्या काकांनी वरून जाळी सरकवली, कप्पीवरून दोर खाली सोडला. "आधी पूर्वज," आत्या ओरडल्या, "मग तांदूळ, मग फ्रिज. माणसं शेवटी, माणसांना पाय आहेत." आणि घर वर जाऊ लागलं. देव्हारा, फोटो, तांदळाचे डबे, खुर्च्या, शिवणयंत्र, तुळशीसारखी जपलेली मोगऱ्याची कुंडी. प्रत्येक वस्तूला कुठली गाठ मारायची ते आत्यांच्या हातांना पाठ होतं. त्या बोलत होत्या एक, हात करत होते दुसरंच. थोआने पहिली गाठ चुकवली, दुसरी बघून मारली, आणि तिसरीला आत्यांनी तिच्याकडे बघायचंही सोडून दिलं.

पाणी आलं तेव्हा आवाज झाला नाही. विन्हने धबाबा कोसळणाऱ्या पाण्याची तयारी मनात केली होती. आधी चौकाच्या मोरीतून एक गढूळ जीभ वर आली आणि थांबली. मग उंबऱ्याच्या खालून चकचकीत पातळ चादर सरकत आली, फरशीचा एकेक चौकोन भिजवत, घाई न करता, ओळखीच्या घरात यावं तशी. दारावर दोन लाकडी डोळे बसवलेले होते, घराचे डोळे, त्यांच्याखालून ती आत आली आणि डोळ्यांनी तिला येऊ दिलं. विन्हला भीती वाटायला हवी होती. त्याला वाटलं ते भीतीपेक्षा मोठं होतं, आणि त्याला नाव देता येईना. पावलांवर पाणी चढलं, घोटा बुडाला, आणि तो तसाच उभा राहिला, लहानपणी पहिल्यांदा देवळात नेलं होतं तेव्हा उभा राहिला होता तसा. एवढी प्रचंड वस्तू, डोंगरापासून समुद्रापर्यंतची, आणि ती या बाईच्या स्वयंपाकघरात येते, आणि बाई तिला शिव्याही देत नाही, आडही येत नाही. फक्त वाट मोकळी करून देते आणि कुठवर आली ते लिहून ठेवते. "अहो पंखेवाले," वरून आत्या ओरडल्या, "आरती करताय का? या वर!"

दुपारी माळ्यावर चौघं भोकाभोवती बसली होती. खाली दालनात कमरेइतकं पाणी, त्यात छताचा उजेड हलत होता. गॅसच्या छोट्या शेगडीवर पाकिटातल्या शेवया शिजत होत्या. थोआने खालच्या भिंतीवरच्या रेघांकडे बोट केलं. "आत्या, यांच्यावर कधी कुणी रंग नाही मारला?"

विन्हच्या हातातली शेवया ढवळायची काडी खाली पाण्यात पडली.

"मारला की," आत्या म्हणाल्या. "हा बसलाय ना शहाणा, यानेच. याचं लग्न होतं. सासरची माणसं येणार, भिंत घाण दिसते म्हणे. रात्रीत पांढरी केली."

"चाळीस वर्षं झाली, ताई," धाकटे काका म्हणाले.

"झाली असतील. आई वर्षभर याच्याशी बोलली नाही. सुनेशी बोलायची, याच्याशी नाही. पुढच्या वर्षी पाणी आलं, गेलं, आणि तिने याच्या हातात खिळा दिला. म्हणाली, ये आता, सगळ्या परत काढ. याला आठवेनात, मग ती सांगायची. ही माझ्या गळ्याशी होती, ही तुझ्या बापाच्या मिशीशी. तशा काढल्या."

"मग बरोबर आल्यात का?" थोआने विचारलं.

"काय माहीत. बोटभर इकडेतिकडे असतील. नदीने काही तक्रार केली नाही."

काका हसले, पण त्यांचे डोळे भरून आलेले विन्हला दिसले. चाळीस वर्षांनीही. मग खिडकीखाली होडीतून भाजीवाली आली, आणि भावाबहिणीची जोडी टोपली दोराने खाली सोडून तिच्याशी हुज्जत घालायला गेली. भोकापाशी दोघंच उरली, पाय खाली सोडून. चांगली वाक्यं त्याने गाडीत जुळवली होती, शेजारच्या मुलीपासून सुरुवात करायची होती. त्यातलं एकही आलं नाही. "रंगाऱ्याने विचारलं होतं," तो खाली पाण्याकडे बघत म्हणाला. "मी घरीच होतो. मीच म्हणालो, मार."

थोआ उठली, शिडीवरून खाली उतरली, आणि कपड्यांनिशी त्या गढूळ पाण्यातून चालत भिंतीपर्यंत गेली. विन्ह उठला तर तिने मागे न बघताच हात वर केला. तो परत बसला. भिंतीला हात लावून ती उभी राहिली. पाणी तिच्या कमरेशी हलकं हलकं आपटत होतं. खिडकीतून आत्यांनी वळून बघितलं आणि ओरडल्या, "अगं ए, बाहेर ये, साऱ्या गावाची मोरी आहे ती!" थोआ म्हणाली, "येते." पण आली ती ओठ निळे पडल्यावर. आत्यांचे कोरडे कपडे अंगावर चढवताना ती विन्हला एवढंच म्हणाली, "चार महिने मी त्या रंगाऱ्याला शिव्या देतेय. गरीब माणूस." आणि पुढे एक शब्द नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. दुसरा पूर्ण दिवस पाणी होतं तिथेच उभं होतं, आणि विन्ह ते बघत बसला. त्याला वाटलं, आता खरोखरच झालं, ही परतीच्या गाडीत वेगळ्या बाकावर बसेल. आणि नवल म्हणजे इतक्या दुःखातही छातीतली ती जुनी गाठ सुटलेली होती. गल्लीतून होड्या जात होत्या, कौलांवर कोंबड्या बसल्या होत्या, आणि ते सगळं एवढं सुंदर होतं की त्याला रडू आलं. थोआने बघितलं आणि तोंड फिरवलं.

तिसऱ्या दिवशी उजाडताच आत्यांनी सगळ्यांच्या हातात झाडू दिले. पाणी उतरताना त्याच्याबरोबरच गाळ ढकलायचा, नाहीतर मग तो सिमेंटसारखा बसतो. मांडीइतक्या पाण्यात उभं राहून ढवळायचं, पाणी खाली जाईल तसं खाली वाकायचं, आणि शेवटचं पाणी उंबऱ्याबाहेर जाताना गाळही त्याच्यासोबत घालवायचा. विन्हचे खांदे भरून आले. नदी आली तशीच निघाली, पाठ न फिरवता, मागे मागे सरत. उंबऱ्याबाहेर गेली तेव्हा भिंतीवर तपकिरी ओली कड उरली होती. धाकट्या काकांनी तिच्यावर खिळ्याने रेघ ओढली, साल कोरलं, आणि खिळा पुसून बहिणीकडे दिला. झालं. दोन दिवस घर गिळून बसलेली गोष्ट एका ओळीत मावली.

थोआ झाडू भिंतीला टेकवून उभी होती. "आत्या," ती म्हणाली, "इथे खाली जागा आहे का?"

"खाली? खाली सगळी मोकळीच आहे. लहान पूर कोण लिहून ठेवतं?" आत्या बोलता बोलता थांबल्या. त्यांनी थोआच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग विन्हच्या. "मुलगा का मुलगी?" त्यांनी विचारलं.

"मुलगा."

आत्यांनी खिळा विन्हच्या हातात दिला. "खोल कोरा," त्या म्हणाल्या. मग भावाचा दंड धरून त्याला परसदारी घेऊन गेल्या.

थोआ भिंतीला पाठ लावून ताठ उभी राहिली, ग्राहक माप द्यायला उभा राहतो तशी. दर नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी तोमला चौकटीशी उभं करून ती रेघ ओढायची, आणि मग त्याला छातीशी धरायची. विन्हला वाटायचं ते लाड; ती तेव्हा मापही घेत होती. तिने आपल्या खांद्याच्या हाडावर बोट ठेवलं. "शेवटची," ती म्हणाली. "इथे त्याचे केस यायचे." विन्हने तिच्या खांद्याशेजारी भिंत कोरली. चुना खाली गळला. "त्याच्या आधीची काखेत. आदल्या वर्षी छातीच्या या बटणाशी, तेव्हा पुढचा दात नव्हता." विन्ह कोरत होता. नऊच्या नऊ रेघा या बाईच्या अंगावर होत्या. रोज त्याच्या शेजारी झोपत होत्या. कुठला रंगारी त्यांच्यावर काय मारणार होता? "कोपर," ती म्हणाली. "त्या वर्षी शाळेत गेला." विन्ह वाकला. तपकिरी ओली कड त्याच्या डोळ्यांसमोर आली. "इथपर्यंत तो पाण्याच्या वर," थोआ म्हणाली. "आता पाण्याखालच्या."

कमरेच्या हाडाशी कोरायला त्याने गुडघे वाकवले. मनगटाशी कोरायला एक गुडघा गाळात टेकला. मग दुसरा. वरून तिचा आवाज येत होता, सावकाश, न थांबता. शेवटची उरली, म्हणजे पहिली, तोम जेव्हा तिचा पायजमा मुठीत धरून पहिल्यांदा उभा राहिला तेव्हाची. विन्हने खिळा टेकवला.

"तिथे नाही. खाली."

तो आणखी वाकला. तीन वर्षं ताठ ठेवलेली पाठ मोडली, आणि कपाळ जाऊन ओल्या भिंतीला टेकलं.

"अजून खाली," थोआ म्हणाली, आणि तिचा हात त्याच्या डोक्यावर आला. "हं. तिथे, तोमचे बाबा."